पाव फेऱ्यात सापडणारा तोल

बालाघाटच्या जंगलातला बांबू बुंध्याकडे जाड असतो आणि शेंड्याकडे पातळ होत जातो. धनुष्य करणाऱ्याची परीक्षा इथूनच सुरू होते. अशा बांबूची उभी पट्टी काढून दोन्ही टोकांना दोरी ताणली, तर ती दोन्हीकडे सारखी वाकत नाही. बुंध्याकडचं अंग ताठ राहतं आणि शेंड्याकडचं जास्त झुकतं. मग कारागीर ताठ अंग थोडं तासतो, दोरी ओढून वाक पाहतो, पुन्हा तासतो. फार तासलं तर पट्टी वाया, कारण काढलेलं लाकूड परत लावता येत नाही.

बैहरच्या बाजूला, कान्हाच्या जंगलाला लागून बैगा आणि गोंडांची गावं आहेत. मध्य भारताच्या या डोंगरपट्ट्यात पिढ्यान् पिढ्या धनुष्य बांबूचं आणि त्याची दोरीही बांबूच्याच सालीची असे. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीवर कडक निर्बंध आले. पण दोन बाजूंचा वाक नुसत्या नजरेने जुळवण्याची ती विद्या मला आजही थक्क करते. कारण नेमका तोच प्रश्न आज जगज्जेत्या धनुर्धरांच्या हातातल्या, कार्बन आणि फायबरग्लासच्या धनुष्यालाही सोडवावा लागतो. तिथे दोन बाजूंच्या वाकातल्या फरकाला टिलर म्हणतात आणि तो मिलिमीटरमध्ये मोजतात.

ऑगस्ट 2023मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम सामन्यात पंधरा बाण सोडले आणि पंधराच्या पंधरा दहाच्या वर्तुळात लावले. 150 विरुद्ध 149. त्याच स्पर्धेत साताऱ्याची आदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. दोघंही साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्याकडे घडलेले, आणि दोघांच्याही हातात कंपाउंड धनुष्य.

या प्रकारात लक्ष्य 50 मीटरवर असतं आणि दहाचं वर्तुळ अवघं 8 सेंटिमीटर रुंद. म्हणजे मध्यापासून चूक करायला दोन्हीकडे 4-4 सेंटिमीटरच. हिशेब केला तर ही मोकळीक एका अंशाचा साधारण बाविसावा भाग भरते. दोरीतलं छोटं भोक, म्हणजे पीप, आणि नेम धरायचं पुढचं साइट यांत मीटरभर अंतर धरा. साइट एक मिलिमीटरसुद्धा हलायला नको, 0.8 मिलिमीटर सरकलं की बाण दहाच्या कडेवर गेलाच. माणसाचं हृदय धडधडत असताना, श्वास चालू असताना हे पंधरा वेळा साधायचं! यात धनुष्य स्वतःच हातात झुकू पाहत असेल तर धनुर्धराने कुणाशी झुंजायचं?

हा झुकाव येतो कुठून, हे समजायला कंपाउंडची रचना पाहावी लागते. मधला धातूचा कणा म्हणजे रायझर. त्याच्या वर आणि खाली वाकणाऱ्या पट्ट्या असतात, त्यांना लिम्ब म्हणतात. आजच्या बहुतेक धनुष्यांत प्रत्येक बाजूची लिम्ब दोन अरुंद पट्ट्यांत विभागलेली असते, म्हणून एकूण चार. लिम्बच्या टोकाला कॅम, म्हणजे मुद्दाम वेडावाकडा कापलेला चाकासारखा भाग. दोरी आणि केबल या कॅमवरून फिरतात. अमेरिकेतल्या मिसूरीत हॉलेस विल्बर ॲलन यांनी हे डोकं लावलं; 1966मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि 1969मध्ये पेटंट मिळालं. कॅममुळे होतं असं की सुरुवातीला 60 पौंड, म्हणजे 27 किलोच्या आसपास जोर लागतो, पण पूर्ण ओढल्यावर तो एकदम उतरतो आणि हातात जेमतेम चौथा हिस्सा उरतो. म्हणून नेम धरायला सवड मिळते.

या सवडीतच टिलरचा त्रास कळतो. पूर्ण ओढलेलं धनुष्य दोन ठिकाणी पेललेलं असतं: पुढे पकडीवरचा तळवा आणि मागे दोरीला लावलेलं रिलीज, म्हणजे दोरी सोडणारं छोटं यंत्र. बाण तळव्याच्या थोडा वरून जातो, म्हणजे पुढचा रेटा आणि मागची ओढ एका रेषेत नसतात. त्यात वरची आणि खालची लिम्ब कमीजास्त कडक असली, तर धनुष्याचं डोकं पुढे किंवा मागे कलू लागतं. कावडीच्या एका घागरीत पाणी जास्त असलं की खांदा दुखण्याआधी हात दांडीवर जाऊन ती सावरू लागतो. इथे मनगट तसंच सावरत बसतं, आणि साइट लक्ष्यावर वर-खाली नाचतं. धनुर्धराला वाटतं आपला हात थरथरतो. कित्येकदा हाताचा काही दोष नसतो.

मोजायची पद्धत इतकी साधी आहे की प्रथम विश्वास बसत नाही. धनुष्य न ओढता, स्थिर ठेवायचं. लिम्ब रायझरच्या खोबणीतून बाहेर पडते तिथून दोरीपर्यंतचं अंतर, दोरीशी काटकोन धरून, स्टीलच्या पट्टीने मोजायचं. एकदा वर, एकदा खाली, दोन्हीकडे खूण तीच. वरच्या आकड्यातून खालचा वजा केला की टिलर मिळतो. सारखे आले तर शून्य. साधारणपणे जी लिम्ब कडक, तिचं अंतर कमी भरतं, कारण ती कमी वाकते. बैहरच्या कारागिराने वाक पाहून जे ओळखलं असतं, ते इथे दोन आकड्यांत येतं.

दुरुस्तीला तासणी लागत नाही, ॲलन की, म्हणजे षटकोनी चावी लागते. प्रत्येक लिम्ब एका बोल्टने कण्याला धरलेली असते. बोल्ट आवळला की लिम्ब कडक, सैल केला की नरम. प्रथम दोन्ही बोल्ट हलक्या हाताने पूर्ण आत न्यायचे, मग दोन्ही सारखे फेरे बाहेर. इथे अनेकजण फसतात, त्यांना वाटतं फेरे सारखे म्हणजे अंतरही सारखं. तसं होईलच असं नाही, कारण पट्ट्यांत आणि खोबण्यांत बारीक फरक राहतो. म्हणून फेरे मोजून थांबायचं नाही, पट्टी लावून पाहायचं. मग एक बोल्ट पाव फेरा आत, दुसरा पाव फेरा बाहेर, म्हणजे टिलर बदलतो आणि एकूण ओढ फारशी बदलत नाही.

कंपाउंडमध्ये एक गुंता आणखी आहे. अनेक धनुष्यांत प्रत्येक कॅमची केबल पलीकडच्या लिम्बपर्यंत जाते. त्यामुळे एका बोल्टला हात लावला की त्याचा परिणाम दुसऱ्या टोकाच्या कॅमपर्यंत पोचतो. दोन्ही कॅम एकाच क्षणी शेवटच्या थांब्याला टेकायला हवेत. मागेपुढे झाले तर ओढ धक्क्याने संपते. म्हणून टिलर बदलल्यावर कॅमची जुळणी पुन्हा तपासावी लागते. केबलही काळाबरोबर किंचित लांबतात. विदर्भात आणि वैनगंगेच्या काठावर मे महिन्यात बंद गाडी किती तापते ते इथल्या माणसाला सांगायला नको. धनुष्य तिथे ठेवलं तर दोऱ्या आणि लिम्ब दोन्हींना इजा होऊ शकते.

मग बरोबर टिलर किती? माझं मत स्पष्ट आहे: शून्य ही सुरुवात करायची जागा आहे, पोचायची नव्हे. एकाचा तळवा पकडीवर खाली दाबतो, दुसऱ्याचा वर. एकाच्या धनुष्याला पुढे स्टॅबिलायझर, म्हणजे तोल राखणारा लांब दांडा असतो, दुसऱ्याच्या मागे जास्त वजन. म्हणून तेच धनुष्य दोन हातांत वेगळं वागतं. पाव फेरा द्यायचा, पूर्ण ओढून साइट किती निवांत बसतं ते पाहायचं, बाण मारायचे आणि लक्ष्यावरची वाटणी बघायची. बिघडलं तर तोच पाव फेरा उलटा. शेवटी एखाद्याचं धनुष्य दोन मिलिमीटर फरकावर शांत होतं. तिथे आकडा चुकला असं म्हणायचं कारण नाही. कारागीरही तासताना दोन्ही बाजू फूटपट्टीने सारख्या करत नसे, हातात धरल्यावर धनुष्य नीट बसतं का ते पाहत असे.

बालाघाटहून रेल्वेने नैनपूरमार्गे जबलपूर गाठता येतं, आणि तिथे मध्य प्रदेशची तिरंदाजी अकादमी आहे. जबलपूरचीच मुस्कान किरार 2018च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कंपाउंडच्या महिला संघात रौप्य जिंकून आली. 2028च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र जोडी प्रथमच उतरणार आहे, तेव्हा या भागातली आणखी मुलं हे धनुष्य हाती घेतील.

त्यांना आणि त्यांच्या पालकांना एवढंच सांगायचं आहे. बोल्टला चावी लावण्याआधी वरचं अंतर, खालचं अंतर आणि बोल्टचे फेरे वहीत लिहून ठेवा, म्हणजे कधीही मागे येता येईल. कंपनीने दिलेल्या फेऱ्यांच्या पलीकडे बोल्ट सैल करू नका. ताणलेली लिम्ब निसटली तर माणूस जबर जखमी होतो. दोरी किंवा केबल काढायची असेल तर बो प्रेस, म्हणजे धनुष्य दाबून दोरी सैल करणारं यंत्र असलेल्या प्रशिक्षकाकडेच जा. आणि बाण लावल्याशिवाय दोरी कधीही सोडू नका.