शिलाई मशीनच्या आधी सातबारा

नवरा गेलेल्या बाईला मदत करायची म्हटलं की संस्था असो वा आमदारांचा वाढदिवस, डोळ्यांसमोर एकच वस्तू येते: शिलाई मशीन. मशीन वाईट नाही. पण एकाच वाडीत पाच घरी मशीन आलं तर ब्लाउज कुणाचे शिवायचे, हा प्रश्न वाटणाऱ्याला पडत नाही. पुष्कळ घरांत तिच्या हक्काचं काहीतरी आधीपासूनच असतं. जमिनीतला वाटा असतो, पीएफची पेन्शन असते, विम्याची रक्कम असते. कागद तिच्या नावावर नाहीत म्हणून ते तिच्यापर्यंत पोचत नाही. मदत सुरू व्हायला हवी ती तलाठी कार्यालयात आणि बँकेत.

‘जमीन दिराकडे राहू दे, पोरगा सज्ञान झाला की त्याच्या नावावर होईलच.’ ऐकायला समंजस वाटणारा हा सल्ला सगळ्यांत महाग पडतो. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार, नवऱ्याने मृत्युपत्र केलेलं नसेल तर पत्नी पहिल्या वर्गाची वारस असते. मुलगा, मुलगी आणि नवऱ्याची आई यांच्याइतकाच तिचा वाटा. तो हयातीपुरता नाही, पूर्ण मालकीचा असतो. वडिलोपार्जित एकत्र जमिनीतला नवऱ्याचा हिस्साही याच वारसांत वाटला जातो. सासऱ्यांनी स्वतः घेतलेल्या शेतात मात्र ते असेपर्यंत तिला वाटा मागता येत नाही. हेही तिला आधीच सांगावं. (मुस्लीम विधवेला मुलं असतील तर आठवा हिस्सा, नसतील तर चौथा. गोव्यात सामायिक संपत्तीच्या नियमामुळे निम्मी मालमत्ता सहसा आधीपासूनच पत्नीची असते.)

वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे अर्ज आणि मृत्यूचा दाखला द्यायचा. महसूल संहितेत तीन महिन्यांची मुदत आहे, पण ती टळली म्हणून हक्क बुडत नाही. सातबाऱ्यावर नाव नसेल तर कसणारी ती असूनही पीककर्ज, विमा आणि अतिवृष्टीची भरपाई मिळवणं अवघड होऊन बसतं. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये मराठवाडा-विदर्भातल्या, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या ५०५ पत्नींची पाहणी केली. त्यांतल्या ४० टक्के जणींना कसत असलेल्या जमिनीचा हक्क मिळालेला नव्हता. आणखी एक सावधगिरी हवी. तेराव्याच्या गडबडीत ‘वारस नोंदीला सही लागते’ म्हणून पुढे येणारा कागद कधी हक्कसोडपत्राचाही असतो. वाचल्याशिवाय सही नाही, आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात ‘नुसतं सोबत’ जाणंही नाही.

‘दुसरं लग्न केलं की सगळं जातं.’ एके काळी हे खरं होतं. ज्या १८५६ च्या पुनर्विवाह कायद्याचं आपण शाळेत कौतुक शिकलो, त्यातच पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क काढून घेणारं कलम होतं. तो कायदा १९८३ मध्ये रद्द झाला. वारसाहक्काने एकदा मिळालेला वाटा पुनर्विवाहाने परत घेता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेही २००८ मध्ये स्पष्ट केलं. पीएफची विधवा पेन्शन मात्र पुनर्विवाहानंतर थांबते.

‘नवऱ्याचं कर्ज बायकोच्या डोक्यावर.’ ती सहकर्जदार किंवा जामीनदार नसेल, तर नवऱ्याकडून वारसाने जेवढी मालमत्ता आली तेवढ्यापुरतीच तिची जबाबदारी. तिच्या मजुरीच्या पैशाला वसुलीवाल्याने हात लावायचं कारण नाही.

‘निराधार योजना आहे की!’ आहे, महिना १,५०० रुपयांची. त्यासाठी कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१,००० रुपयांच्या आत असावं लागतं, म्हणजे महिन्याला १,७५०. मिळालेलं मशीन खरोखर चाललं तर ती बाई योजनेतून बाहेर पडते! घरातला कमावता माणूस १८ ते ५९ वयात गेला असेल आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखाली असेल, तर एकरकमी २०,००० रुपयांची केंद्राची मदतही आहे. अर्ज तहसील कार्यालयात करायचा.

कारखान्यात किंवा कंपनीत कामाला असलेल्यांच्या घरी हमखास ऐकू येतं, ‘दहा वर्षं भरली नव्हती, पेन्शन कुठली?’ दहा वर्षांची अट कामगाराच्या स्वतःच्या पेन्शनला आहे. नोकरीत असताना मृत्यू झाला आणि एका महिन्याची वर्गणी जरी भरलेली असली, तरी पत्नीला पेन्शन मिळते. ती महिना किमान १,००० रुपये आणि वर दोन मुलांपर्यंत वेगळी रक्कम. पीएफशी जोडलेल्या विम्याचा दावाही सोबतच करावा.

आणि नवऱ्याचं बँक खातं बंद करण्याआधी पासबुक भरून घ्यावं. वर्षातून एकदा ४३६ रुपये कापल्याची नोंद दिसली, तर तो बहुधा प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचा हप्ता असतो आणि त्याचे दोन लाख मिळतात. २० रुपयांची नोंद अपघात विम्याची असते. दावा नॉमिनीलाच करावा लागतो. बँक फोन करून कळवेल, या भरवशावर राहू नये.