आरसी बग्गी: पकड, वळण आणि सेटिंग कुठून सुरू करायची

मागच्या व्याख्यानात आपण बॅटरी आणि मोटर पाहिली. आज चाकं. रिमोटवर चालणारी 1:10 मापाची, मागची दोन चाकं ओढणारी बग्गी आपण उदाहरणाला घेणार आहोत. वजन साधारण दीड किलो. म्हणजे दोन मोठे नारळ ट्रॅकवर पळतायत असं समजा, फक्त वेग बराच जास्त.

आम्ही सहा-सात जण पुण्याबाहेर एका मोकळ्या प्लॉटवर दर रविवारी गाड्या पळवतो. मुरमाचा ट्रॅक आहे. सकाळी आम्हीच पाणी मारतो, रोलर फिरवतो. आमच्यात एक नववीतला मुलगा आहे. दोन वर्षांचे वाढदिवसाचे आणि दिवाळीचे पैसे साठवून त्याने गाडीचं किट घेतलं, स्वतः जोडलं. आणि मग सलग चार रविवार ती गाडी वळणावर गरकन फिरत होती. त्याची तक्रार अशी होती: "काका, डावीकडे वळवली की फिरते, आणि उजवीकडे वळवली की वळतच नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा. आम्ही ठेवलं नाही. आम्ही सगळे मोठे, अनुभवी वगैरे. एकाने सांगितलं मागचे टायर बदल. दुसऱ्याने सांगितलं शॉकमधलं ऑइल घट्ट घाल. तिसऱ्याने बॅटरी मागे सरकवली. चौथ्याने मागचा टो-इन वाढवला. गाडी फिरायची थोडी थांबली, पण उजवीकडे तर सरळच जायला लागली. मग पुढच्या रविवारी सगळं उलटं केलं. चौथ्या रविवारी तो म्हणाला, "विकून टाकतो मी ही." तो चिडला नव्हता, शांतपणे म्हणाला. आम्हाला ते जास्त लागलं.

आता ती गाडी तशीच बाजूला ठेवू आणि पकड म्हणजे काय ते बघू. त्याशिवाय त्या गाडीला काय झालं होतं ते कळणार नाही.

टायरवर भार वाढला की पकड वाढते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण ती भाराच्या प्रमाणात वाढत नाही, थोडी कमी वाढते. सगळी गंमत इथे आहे. समजा एका टायरवर 400 ग्रॅम भार असताना तो 400 एकक पकड देतो. भार 600 केला तर 600 नाही, समजा 540 च मिळते. आणि भार 200 वर आणला तर 220 मिळते. हे आकडे समजण्यापुरते घेतलेत, पण वागणूक खरी आहे. आता मागच्या दोन चाकांवर 400 आणि 400 असेल तर एकूण पकड 800. गाडी वळली, वजन बाहेरच्या चाकाकडे गेलं, 600 आणि 200 झालं. एकूण भार तोच, 800. पकड? 540 अधिक 220, म्हणजे 760. चाळीस गेले. कुठे गेले? कुठेच नाही, भार असमान वाटला गेला म्हणून ते मिळालेच नाहीत.

म्हणजे एका आसाच्या दोन चाकांवर भार जितका समान, तितकी त्या आसाची पकड जास्त. हे एक सूत्र हातात असेल तर सेटिंगच्या पुस्तिकेतल्या निम्म्या सूचना पाठ करायची गरज राहत नाही.

वळणात एकूण किती भार आतून बाहेर जाणार, ते गाडीचं वजन, तिच्या वजनाच्या मध्याची उंची, दोन चाकांतलं अंतर आणि वेग-वळण यांवर ठरतं. स्प्रिंग बदलून ही एकूण रक्कम बदलत नाही. स्प्रिंग फक्त एवढंच ठरवते की त्यातला किती हिस्सा पुढच्या आसाने सोसायचा आणि किती मागच्या. जी बाजू कडक, ती जास्त सोसते, आणि तिची पकड कमी होते. मागची स्प्रिंग मऊ केली की मागची पकड वाढते आणि पुढच्याला जास्त सोसावं लागतं, म्हणून नाक वळायला आळशी होतं. मागची कडक केली की नाक चटकन वळतं, पण शेपूट सुटते. अँटी-रोल बार हेच काम करतो, फक्त सरळ खड्ड्यांत स्प्रिंगला त्रास न देता. आमच्या मुरमावर आम्ही तो मागे लावतच नाही.

घरात एका चादरीत दोन भावंडं झोपली की काय होतं? एकाने ओढली की दुसऱ्याचे पाय उघडे. पुढची आणि मागची पकड बरीचशी तशी आहे. चादरच मोठी करायची असेल तर तीनच मोठे मार्ग: टायर, वजनाची उंची आणि ट्रॅकला धरून राहणारी मऊ सस्पेन्शन. बाकीचं बहुतेक सगळं ओढाओढी.

म्हणून टायर आधी. दुसरं काही विकत घेण्याआधी. कोरडा मुरूम वर भुसभुशीत आणि खाली टणक असतो. तिथे उंच, एकमेकांपासून लांब असलेल्या काट्यांचा टायर धुरळा फोडून खालच्या टणक थरापर्यंत पोचतो. पाणी मारून, रोलरने दाबून, गाड्या पळून पळून गुळगुळीत झालेल्या मातीवर मात्र हेच उंच काटे वाकतात आणि गाडी डुलते. तिथे बुटके, दाट काटे बरे. रबर जितकं मऊ तितकी पकड आणि तितकी झीज. टायरच्या आतला फोमही मोजा: जुना, ओला होऊन बसलेला फोम असेल तर नवा टायरही वळणात मुडपतो. आणि टायर रिमला नीट चिकटलेला आहे ना, हे अंगठ्याने कडा ओढून बघा. अर्धवट सुटलेल्या कडेने आम्हाला जितकं फसवलंय तितकं शॉकने कधी फसवलं नाही.

उंचीबद्दल थोडं. गाडी जमिनीपासून जितकी खाली, तितका कमी भार आतून बाहेर जातो आणि चारही चाकांचं भलं होतं. पण खडबडीत ट्रॅकवर पोट घासलं की चाकं हवेत, आणि हवेतल्या चाकाला पकड नसते. आम्ही मागे साधारण 22-23 मिलिमीटर ठेवतो, आणि व्हर्नियरने मोजतो, अंदाजाने नाही.

मोटर कुठे बसवायची हाही या वजनाचाच प्रश्न. 1984 साली टीम असोसिएटेडची आरसी-टेन आली, तिची मोटर मागच्या आसाच्याही मागे होती. सैल मातीवर मागच्या चाकांना दाबून धरायला ते उत्तम. पुढे कार्पेट आणि कृत्रिम गवताचे ट्रॅक आले. तिथे पकड आधीच भरपूर, अडचण उलटी होती: नाक वळेना. म्हणून मोटर आसाच्या पुढे आली. त्याच कंपनीच्या बी-सिक्स मालिकेत मातीसाठी 'डी' अक्षराची वेगळी गाडी काढावी लागली, ती याचसाठी. तेव्हा परदेशातल्या कार्पेटवरच्या विजेत्याची सेटिंग आपल्या मुरमावर तशीच उतरवून घेण्यात अर्थ नाही. आमच्यातल्या दोघांनी ती केली होती. नावं सांगत नाही, ते इथेच बसलेत.

किटमध्ये मोटर हलवता येत नसेल तर बॅटरी हलवा. एक सेंटिमीटर मागे सरकवली तरी हातातल्या ट्रिगरला फरक जाणवतो. फुकटचा उपाय आहे.

आता वळणाचे तीन भाग. वळणात शिरताना, मध्यात, आणि बाहेर पडताना. "गाडी वळत नाही" ही तक्रार अपुरी आहे. कुठे वळत नाही? शिरताना ट्रिगर सोडला की भार पुढे येतो आणि नाकाला पकड मिळते. मागच्या शॉकला खाली उघडायला जागा जास्त असेल तर मागची बाजू जास्त उचलते, भार जास्त पुढे येतो, गाडी शिरताना जास्त वळते. शिरताना घाबरवत असेल तर ही जागा कमी करा. मध्यात ना ट्रिगर ना ब्रेक. तिथे स्प्रिंगची वाटणी आणि टायर बोलतात. बाहेर पडताना ट्रिगर दाबला की भार मागे. तिथे शेपूट सुटत असेल तर मागचा टो-इन बघा. दोन्ही मागची चाकं पुढून किंचित आत वळलेली असतात, 3 अंश हा नेहमीचा आकडा. वाढवला की गाडी सरळ निघते, पण वळायला आणि वेगाला थोडी किंमत मोजावी लागते.

आणि हो, बाहेर पडताना शेपूट सुटते त्याचं सगळ्यात स्वस्त कारण म्हणजे आपलं बोट. ट्रिगर हा विजेचा खटका नाही. स्पीड कंट्रोलरमध्ये सुरुवातीचा झटका कमी करता येतो, तो आधी कमी करून बघा. आमच्यातल्या एका गृहस्थांनी तीन प्रकारचं डिफरन्शिअल ऑइल विकत घेतल्यावर हे केलं.

कास्टर, कॅम्बर लिंक, अ‍ॅकरमन हे आज सोडतो. त्यांनी फरक पडतो, पण वरचं ठीक नसताना त्यांना हात लावला तर फक्त गोंधळ वाढतो.

बदल कसा तपासायचा हे मात्र सोडता येत नाही. आमचा ट्रॅक सकाळी आठला ओलसर असतो, पकड चांगली. अकराला कोरडा. एक वाजता धुरळा. ऊनही चढतं, शॉकमधलं सिलिकॉन ऑइल पातळ होतं. तुम्ही नऊ वाजता पाच फेऱ्या मारल्या, स्प्रिंग बदलली, साडेदहाला परत पाच मारल्या आणि गाडी जास्त सुटायला लागली. दोष कोणाचा? स्प्रिंगचा की उन्हाचा? सांगता येत नाही. म्हणून जुनी सेटिंग, नवी सेटिंग, परत जुनी सेटिंग असं करायचं, लागोपाठ. तिसऱ्यांदा जुनीवर वेळ पहिल्यासारखी आली तरच मधला आकडा खरा. एका वेळी एकच बदल. वहीत लिहायचं, तारीख, वेळ, ट्रॅक ओला की कोरडा यासकट. कंटाळवाणं आहे, मान्य.

तर आता त्या मुलाच्या गाडीकडे. चौथ्या रविवारी, तो सामान आवरत असताना, आमच्यातल्या एकाने त्याचं पहिलं वाक्य त्यालाच परत म्हणून दाखवलं. डावीकडे फिरते, उजवीकडे वळत नाही. अरे, सेटिंगला डावं-उजवं कुठे कळतं? स्प्रिंग, टो-इन, ऑइल दोन्ही बाजूंना सारखं असेल तर गाडी दोन्हीकडे सारखीच वागली पाहिजे. दोन्हीकडे वेगळी वागते म्हणजे गाडीच दोन्ही बाजूंनी सारखी नाही. आम्ही चार रविवार बिघाडावर सेटिंगचं औषध देत होतो.

घरून स्वयंपाकघरातले दोन छोटे डिजिटल वजनकाटे आणले. मागच्या एकेका चाकाखाली एकेक, पुढच्या चाकांखाली तेवढ्याच जाडीची पुस्तकं. डाव्या काट्यावर उजव्यापेक्षा साधारण 40 ग्रॅम कमी. मग शॉक बघितले. मागच्या डाव्या शॉकवर स्प्रिंग दाबून धरणारी कॉलरची चकती धक्क्यांनी फिरत फिरत 3 मिलिमीटर सैल झाली होती. आतली रबरी ओ-रिंग झिजली होती, ती चकतीला जागेवर धरतच नव्हती.

आता सूत्र लावा. मागचं उजवं चाक आधीच जड. गाडी डावीकडे वळली की भार उजवीकडे, म्हणजे जडावर आणखी जड, मागची वाटणी फार असमान, मागची पकड कमी, गाडी फिरली. उजवीकडे वळली की भार डावीकडे, हलक्या चाकावर. मागची वाटणी समान व्हायला लागली, मागची पकड वाढली. आणि मागचा डावा कोपरा हलका असतो तेव्हा पुढचा डावा जड असतो, चार पायांच्या डुगडुगत्या टेबलासारखं. म्हणून पुढे नेमकं उलट होऊन नाक सरकलं. दोन तक्रारी, एक ओ-रिंग. आणि सकाळच्या ओल्या ट्रॅकवर पकड इतकी जास्त असायची की हे दिसायचंच नाही. म्हणून दर रविवारी पहिल्या दोन फेऱ्यांनंतर आम्हाला वाटायचं, आपला उपाय लागू पडला.

ओ-रिंग बदलली, चकत्या व्हर्नियरने सारख्या केल्या, आणि आम्ही केलेले सगळे बदल काढून गाडी पुस्तिकेतल्या सेटिंगवर आणली. गाडी अजून त्याच्याकडेच आहे.

एक प्रश्न आलाय मागून: "वजनकाटे नसतील तर?" सपाट फरशीवर गाडी ठेवा, मागून दोन-तीनदा दाबून सोडा, आणि दोन्ही बाजूंची उंची मोजा. मग प्रत्येक शॉक सोडवून स्प्रिंगशिवाय हाताने दाबून बघा, दोन्ही सारख्या जोराने आत जातात का, आतून हवेचा चुळुकचुळुक आवाज येतो का. आणि रविवारी ट्रॅकवर निघायच्या आधी, शनिवारी रात्री हे करा. ट्रॅकवर कोणी ऐकत नाही, सगळ्यांना फक्त पळवायची असते.