पंचतारांकित जेवण आणि इन्सुलिन

भाच्याच्या लग्नानिमित्त आम्ही मुंबईच्या एका पंचतारांकित हॉटेलात उतरलो होतो. थोरल्या भावाने घरच्या सवयीने साडेसातलाच खोलीत इन्सुलिन टोचून घेतले. खाली झुंबरे, वाद्यवृंद, सगळा थाट. पण सूप आले नऊ वाजता! तोवर दादाला दरदरून घाम सुटला, हात कापू लागले, बोलणे असंबद्ध झाले. वेटरकडून साखर मागवून तीन चमचे पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांत दादा सावरला.

रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली घसरली की असे होते. तेव्हा मधुमेही वाचकहो, जेवण नक्की केव्हा वाढणार हे विचारूनच इन्सुलिन घ्या. घेतल्यावर उशीर झालाच, तर निःसंकोच आधी पोळी-भात मागवा. खिशात साखर ठेवाच. मात्र शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काही घालू नका. तातडीने रुग्णालय गाठा.