बसून राहणं आणि मन : ब्रिस्टलच्या मुलांचे आकडे काय सांगतात?

'दिवसभर बसून असतोस, मग डोकं जड होणारच!' हे वाक्य बहुतेक घरांत ऐकू येतं. त्यात तथ्य किती, हे तपासणं मात्र अवघड आहे. 'रोज किती वेळ बसतोस?' असं विचारलं की उत्तर अंदाजपंचे येतं. शिवाय मन उदास असलं की स्वतःची हालचाल आहे त्याहून कमीच वाटू शकते.

म्हणून ॲरन कँडोला आणि सहकाऱ्यांचा 'लॅन्सेट सायकायट्री'मधला २०२० चा शोधनिबंध मला महत्त्वाचा वाटतो. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल परिसरात १९९१-९२ च्या सुमारास जन्मलेल्या मुलांचा जन्मापासून अभ्यास चालू आहे. त्यातल्या ४,२५७ जणांच्या कंबरेला १२, १४ आणि १६ व्या वर्षी काही दिवस ॲक्सेलेरोमीटर लावला होता. (तुमच्या मोबाइलमध्ये पावलं मोजतं ते हेच.) १८ व्या वर्षी त्यांची नैराश्याची लक्षणं तपासली.

बाराव्या वर्षी ही मुलं दिवसाला सरासरी ४३१ मिनिटं बसून असायची, सोळाव्या वर्षी ५२३. म्हणजे दीड तासाची वाढ! हा वेळ बहुतेक सगळा हलक्या हालचालीतून गेला : ती ३२६ मिनिटांवरून २४५ वर आली. हलकी हालचाल म्हणजे घरात इकडेतिकडे फिरणं, सावकाश चालणं, उभ्यानं केलेली बारीकसारीक कामं. जिला आपण व्यायाम म्हणतच नाही ती.

बाराव्या वर्षी रोज तासभर जास्त बसणाऱ्यांचा अठराव्या वर्षीचा लक्षणांचा गुणांक सुमारे ११ टक्क्यांनी जास्त होता. उलट, हलकी हालचाल तासभर जास्त असेल तर तो साधारण १० टक्क्यांनी कमी. इथे बातम्यांमध्ये हमखास घोळ होतो. ११ टक्के म्हणजे 'शंभरातली आणखी अकरा मुलं आजारी पडली' असं नाही, फक्त सरासरी गुणांक तेवढा वर सरकला.

पण मुळातच उदास असलेलं मूल कमी हलत असेल तर? हालचाल आधी मोजली, लक्षणं नंतर, एवढ्यानं ही शंका पुरती फिटत नाही. कार्मेल चोई आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रौढांच्या माहितीवर दुसरी वाट धरली : जनुकांची. जनुकं जन्मतःच ठरतात, उदास झाल्यानं बदलत नाहीत. ज्यांचा जनुकीय कल जास्त हालचालीकडे होता, त्यांच्यात नैराश्याचा धोका कमी दिसला. नैराश्याकडे कल असलेले मात्र त्यामुळे कमी हलतात, असं काही दिसलं नाही. गंमत म्हणजे हा संबंध यंत्रानं मोजलेल्या हालचालीतच आढळला, लोकांनी स्वतः सांगितलेल्या हालचालीत नाही!

म्हणून आपल्याकडे दहावीला पीटीचा तास गणिताला दिला जातो, तेव्हा मला त्या तासाइतकीच क्लासला गाडीवरून सोडलेल्या, 'तू अभ्यास कर' म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातही न पाठवलेल्या मुलांची काळजी वाटते. अर्थात, नैराश्य आलेल्या मुलाला 'जरा चालून ये' एवढंच सांगणं हा उपचार नव्हे. अंथरुणातून उठणं जड जाणं हे त्या आजाराचंच लक्षण असू शकतं, तिथे डॉक्टर गाठावा.

आणि मोबाइल? त्या वाढलेल्या दीड तासात मुलं फोन बघत होती, वाचत होती की गृहपाठ करत होती, हे कंबरेवरच्या यंत्राला कळत नाही.