बॅटरीला वाट कळते

आयफोन १५ बाजारात आला तेव्हा अ‍ॅपलने त्याच्या बॅटरीबद्दल तीन आकडे दिले. फोनमध्ये साठवलेला व्हिडिओ जास्तीत जास्त २० तास चालेल, इंटरनेटवरून येणारा व्हिडिओ १६ तास आणि नुसता आवाज ऐकला तर ८० तास. स्क्रीन बंद ठेवली की बॅटरी जास्त टिकते, हे कुणालाही कळतं, त्यामुळे ८० चं फारसं नवल वाटत नाही. मला खिळवून ठेवतो तो २० आणि १६ मधला फरक. दोन्ही वेळा स्क्रीन उजळलेली, दोन्ही वेळा चित्रं हलणारी. एकदा ती फोनच्या पोटातून येतात आणि एकदा हवेतून, एवढंच. तेवढ्याने चार तास जातात. तेही चाचणीत, जिथे सगळं फोनच्या सोयीचं असतं. या चार तासांचा माग काढत गेलं की जाहिरातीतला फोन आणि आपल्या खिशातला फोन यांच्या बॅटरीत एवढी तफावत का पडते, ते उलगडत जातं. त्यात लबाडी फार थोडी आहे आणि विज्ञान भरपूर.

आधी गाठीशी किती आहे ते पाहू. आजच्या पुष्कळ फोनवर ५००० एमएएच असं लिहिलेलं असतं. सुमारे ३.८५ व्होल्टच्या हिशेबाने ही १९ वॅट-तास ऊर्जा झाली, म्हणजे जवळपास ६९ हजार ज्यूल. एवढ्या ऊर्जेत एका मोठ्या कपाच्या चहाचं आधण येईल. २२० मिलीलीटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत पोहोचेल आणि बॅटरी संपेल. एका कपाच्या त्या आधणात आपण सकाळपासून रात्रीपर्यंत बोलतो, फोटो काढतो, रस्ते शोधतो, पैसे पाठवतो. बॅटरी लवकर संपते ही तक्रार मलाही समजते, पण हा हिशेब एकदा मांडला की ती इतका वेळ पुरते कशी, हा प्रश्न मला जास्त मोठा वाटू लागतो.

१९ वॅट-तासांत २० तास व्हिडिओ दाखवायचा तर फोनला सरासरी एका वॅटपेक्षाही कमी विजेवर भागवावं लागतं. ते जमतं, कारण व्हिडिओ उलगडण्यासाठी चिपमध्ये वेगळा कोपराच राखून ठेवलेला असतो. त्याला दुसरं काही येत नाही, पण ते एक काम तो फार थोड्या विजेत करतो आणि तोवर मुख्य प्रोसेसर बराच वेळ झोपून राहतो. शिवाय ट्रान्झिस्टरच्या एका उघडझापेला लागणारी ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. व्होल्टेज ३० टक्क्यांनी उतरवलं की तो खर्च जवळपास निम्मा होतो. म्हणून फोन सतत अंदाज घेत असतो: आत्ता घाई आहे का? नसेल तर वेग कमी, व्होल्टेज कमी. सलग चालणारा सिनेमा हे अंदाज करायला सगळ्यात सोपं काम. पुढच्या क्षणी काय लागणार ते आधीच माहीत असतं.

आपला वापर असा नसतो. मेसेज पाहिला, नकाशा उघडला, मधेच कॅमेरा, परत मेसेज. प्रत्येक वेळी प्रोसेसरला दचकून जागं व्हावं लागतं.

चाचणीची खोली मात्र शांत असते. फोन नवा कोरा. स्क्रीनचा उजेड ठरावीक. अनेक परीक्षक तो २०० निटवर बांधून ठेवतात. तापमान माणसाला सुखाचं वाटेल असं. नेटवर्क लागत असेल तर जवळचं, दणदणीत वाय-फाय. नसेल तर एअरप्लेन मोड. याला फसवणूक म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. दोन फोनची तुलना करायची तर बाकी सगळं सारखं ठेवावंच लागतं, आणि सारखं ठेवायचं तर जगाला दाराबाहेर थांबवावं लागतं. पण आपण फोन घेऊन राहतो ते जगातच, आणि फोन त्या जगाला सतत उत्तर देत असतो.

सगळ्यात महागडं उत्तर टॉवरला द्यावं लागतं. टॉवरचं बोलणं ऐकण्यापेक्षा टॉवरपर्यंत आपलं बोलणं पोहोचवणं फोनला जड जातं, कारण टॉवरकडे विजेची लाइन असते आणि फोनकडे ते कपभर आधण. म्हणून मोबाइल यंत्रणा घडवणाऱ्यांनी एक विलक्षण शिस्त बसवली: फोनने गरजेपेक्षा जराही मोठ्याने बोलायचं नाही. ३जीच्या यंत्रणेत टॉवर प्रत्येक फोनला सेकंदाला १५०० वेळा सांगत असे, थोडा चढव, थोडा उतरव. ४जीच्या मानकानुसार साध्या फोनला जास्तीत जास्त सुमारे २०० मिलिवॅट एवढ्या जोराने लहरी पाठवता येतात आणि गरज नसेल तेव्हा त्याला ०.०००१ मिलिवॅटपर्यंत खाली उतरता आलं पाहिजे. या दोन टोकांत २० लाख पटींचं अंतर आहे! हा चढउतार चालू असतो आणि आपल्याला त्यातलं काही दिसत नाही, ऐकू येत नाही. दिसते ती कोपऱ्यातली टक्केवारी. वरच्या टोकाला पोहोचल्यावर तर हवेत २०० मिलिवॅट सोडण्यासाठी बॅटरीतून त्याच्या काही पट वीज खेचली जाते, कारण बरीचशी उष्णता होऊन वाया जाते.

मोकळ्या माळावर टॉवरचं अंतर दुप्पट झालं तर तेवढीच स्पष्ट हाक पोहोचवायला चौपट जोर लागतो. इमारतींच्या दाटीत हा आकडा आठ ते सोळा पटींवर जाऊ शकतो. त्यात सिग्नल क्षीण झाला की माहितीही हळू येते, म्हणजे तीच रील उतरवून घ्यायला रेडिओला जास्त वेळ जागं राहावं लागतं. एकाच सोसायटीत, एकच फोन वापरणाऱ्या दोघांपैकी एकाची बॅटरी रात्रीपर्यंत पुरते आणि दुसऱ्याची चार वाजताच मान टाकते, याचं कारण कधीकधी एवढंच असतं की एकाची खिडकी टॉवरकडे आहे आणि दुसऱ्याची जिन्याकडे.

कोकण रेल्वेने रत्नागिरीकडे किंवा गोव्याला जाताना ही गोष्ट ठळक होते. या मार्गावर नव्वदहून जास्त बोगदे आहेत. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. फोन खिशात ठेवलेला, स्क्रीन बंद. तरी तो गप्प नसतो. रेंज असते तेव्हा तो सेकंदा-दोन सेकंदांनी क्षणभर कान टवकारतो, आपल्यासाठी कॉल आहे का ते ऐकतो आणि पुन्हा डुलकी घेतो. बोगद्यात रेंज गेली की ही लय मोडते. मग एकेक फ्रिक्वेन्सी चाचपडत टॉवर शोधणं सुरू. बाहेर पडताच मिळेल त्या टॉवरला गाठून ‘मी इथे आहे’ अशी नोंद द्यायची, तीही लांबून म्हणून मोठ्याने, डब्याच्या धातूच्या भिंतींतून. नोंद होते न होते तोच पुढचा बोगदा. मुक्कामी पोहोचल्यावर आपण म्हणतो, फोनला हातसुद्धा लावला नाही आणि बॅटरी उतरली. हात लागला नव्हता हे खरंच, पण सह्याद्रीच्या डोंगरांनी त्याला भरपूर राबवून घेतलेलं असतं.

रेडिओची आणखी एक खोड आहे. काम संपल्यावर तो लगेच झोपत नाही. आणखी काही येईल या अपेक्षेने काही सेकंद जागा राहतो. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ साली ३जी फोनवर मोजमाप करून दाखवलं की, नेहमीच्या देवाणघेवाणीत जवळपास ६० टक्के ऊर्जा देवाणघेवाण संपल्यानंतरच्या या जागरणातच जात होती. यंत्रणा पुढे बदलल्या, पण तत्त्व राहिलं. सलग तासभर सिनेमा उतरवून घेण्यात एक प्रकारची काटकसर आहे. दर दोन मिनिटांनी येणारा ‘शुभ सकाळ’चा संदेश आकाराने चिमुकला, पण प्रत्येक संदेशामागे त्याचं जागरण येतं.

मग ऊन. दुपारच्या उन्हातला उजेड घरातल्या उजेडाच्या शेकडो पट असतो. डोळे इतके सहज जुळवून घेतात की हा फरक आपल्याला तेवढा जाणवत नाही. फोनचा सेन्सर मात्र तो प्रामाणिकपणे मोजतो आणि स्क्रीन पेटवतो. ओएलईडी पडद्यावर प्रत्येक ठिपका स्वतःच्या उजेडाने चमकतो आणि काळा ठिपका चक्क विझलेला असतो. म्हणून डार्क मोडने बॅटरी वाचते, असं आपण ऐकतो. किती वाचते? पर्ड्यू विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात ब्राइटनेस ३० ते ५० टक्के असताना ही बचत सरासरी ३ ते ९ टक्के निघाली, आणि ब्राइटनेस १०० टक्के असताना ३९ ते ४७ टक्के. युक्ती तीच, फोनही तेच. घरात बसून जो उपाय जेमतेम जाणवतो, तोच भर उन्हात उभं राहून रस्ता शोधणाऱ्याला मोठा आधार देतो. बाहेरची कामं करणाऱ्या माणसाने डार्क मोड वापरावाच, असं मी म्हणेन.

चाचणीतला फोन टेबलावर पडून असतो, हेही लहान नाही. २०१५ च्या अँड्रॉइड ६ मध्ये ‘डोझ’ नावाची सोय आली. चार्जर लावलेला नाही, स्क्रीन बंद आहे आणि फोन काही काळ हललेलाही नाही असं दिसलं की अ‍ॅप्सची पडद्यामागची कामं तो अडवून ठेवतो आणि मधूनमधून एकदम करू देतो. पुढच्या आवृत्तीत चालत्या माणसाच्या खिशातही थोडी सवलत मिळू लागली, पण पूर्ण गाढ झोप हवी तर फोनला स्थिरताच हवी.

उष्णतेचं थोडक्यात सांगतो. अ‍ॅपल आपला फोन ० ते ३५ अंश सेल्सिअसमध्ये वापरायला सांगतं. मे महिन्यात अकोला, नागपूर, चंद्रपूरकडे पारा ४५ च्या आसपास जातो. तापलेल्या चिपमधून वीज जास्त झिरपते आणि बॅटरीतल्या नको त्या रासायनिक क्रिया वेग घेतात. त्यांतून बॅटरी कायमची म्हातारी होत जाते. चाचणीतली बॅटरी नेहमी तरुणच असते.

युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या फोनवर ऊर्जेचं लेबल सक्तीचं केलं आहे. एका चार्जमध्ये फोन किती तास, किती मिनिटं टिकतो आणि किती चार्जिंगपर्यंत बॅटरी दम धरते, हे त्यावर छापावं लागतं. मला हे पाऊल मनापासून आवडतं आणि आपल्याकडेही ते यावं असं वाटतं, फक्त शेजारी आणखी एक आकडा हवा: सिग्नल क्षीण असताना किती तास. आपल्या कितीतरी गावांसाठी तोच खरा आकडा आहे.

बॅटरीच्या उतरण्यात भोवतालचं जग किती खोल उमटलेलं असतं, याचा थक्क करणारा पुरावा २०१५ साली मिळाला. स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि इस्राएलमधल्या राफाएल कंपनीच्या संशोधकांनी ‘पॉवरस्पाय’ या नावाने एक प्रयोग मांडला. फोन किती वीज खातोय, हा आकडा वाचायला अँड्रॉइडवर अ‍ॅपला तेव्हा कुठलीच परवानगी लागत नव्हती. जीपीएस नाही, टॉवरची माहिती नाही, फक्त विजेच्या खर्चाचा आलेख. संशोधकांनी काही रस्त्यांवरून गाडीने जाताना हे आलेख आधी नोंदवून ठेवले आणि मग नव्या आलेखावरून माणूस त्यांपैकी कोणत्या रस्त्याने गेला, हे संगणकाला ओळखायला लावलं. त्याने बऱ्याच वेळा बरोबर ओळखलं. टॉवर कुठे जवळ आला, कुठे टेकडी आड आली, कुठे इमारती दाटल्या, हे सगळं खर्चाच्या चढउतारात उतरलेलं होतं. त्याच वेळी फोनवर इतर अ‍ॅप्स चालतात, त्यांचाही खर्च त्या आलेखात मिसळतो. पण गाण्याला किंवा मेसेजला टॉवरच्या अंतराशी देणंघेणं नसतं. त्यामुळे मोजमाप काही मिनिटं चालू राहिलं की त्यांचा गोंधळ आपोआप बाजूला पडतो आणि रस्त्याची नक्षी वर येते.