दूध सोसत नाही, म्हणजे काय?

सकाळी पेलाभर दूध पिऊन शाळेत गेलेलं मूल दुसऱ्या तासाला पोट दुखतं म्हणालं, की मोठी माणसं दोनच कारणं धरून बसतात: जंत झाले असतील, नाहीतर शाळा चुकवायची असेल. दुधातली साखर पचत नसेल, ही शक्यता फारशी कुणी तपासत नाही. या साखरेचं नाव लॅक्टोज. लहान आतड्यातलं लॅक्टेज हे विकर ती फोडतं, तेव्हाच ती रक्तात शोषली जाते. विकर कमी पडलं, तर साखर तशीच मोठ्या आतड्यात उतरते, पाणी ओढून घेते आणि तिथले जिवाणू ती आंबवून वायू तयार करतात. मग पोट फुगतं, गुरगुरतं, कळा येतात, कधी जुलाब होतात.

‘तान्हेपणी पचत होतं, मग आताच काय झालं?’ हा प्रश्न रास्त आहे. तान्ह्या बाळात लॅक्टेज भरपूर असतं. अंगावरचं दूध सुटल्यावर बहुतेक माणसांत ते हळूहळू घटतं. जगातल्या सुमारे दोनतृतीयांश लोकांची हीच प्रकृती आहे. म्हणून शाळेच्या वयात दिसू लागलेली ही तक्रार बहुधा आजार नसते आणि नाटकही नसतं. जुलाबाच्या आजारानंतर काही काळ दूध सोसेनासं होतं, तो प्रकार मात्र आतडं सावरलं की जातो.

याचा अर्थ दूध घरातून हद्दपार करावं, असा मुळीच नाही. 200 मिलिलिटर दुधात साधारण 10 ग्रॅम लॅक्टोज असतं आणि विकर कमी असलेल्या बहुतेक किशोरवयीनांना व मोठ्यांना एका वेळी 12 ग्रॅमपर्यंत फारसा त्रास होत नाही. लहान मुलाला अर्धा पेला, तोही पोळीबरोबर किंवा नाश्त्याबरोबर, देऊन पाहावा. दही अनेकांना सोसतं, कारण विरजणातले जिवाणू लॅक्टोज फोडायला मदत करतात. ‘मग हाडांचं काय?’ ही काळजी खरी आहे. दहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज 850 मिलिग्रॅम कॅल्शियम मिळावं, अशी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) शिफारस आहे. म्हणूनच दूध सरसकट तोडणंही बरं नाही. दही, नाचणी आणि तीळ रोजच्या जेवणात आले, तर पेला सक्तीने संपवण्याची गरज उरत नाही.

घरच्या घरी शिक्का मारून मात्र मोकळं होऊ नये. दुधाची अ‍ॅलर्जी ही वेगळी गोष्ट आहे. ती प्रथिनांमुळे होते आणि तिच्यात थोडं दूधही धोक्याचं ठरू शकतं. वजन घटणं, शौचातून रक्त जाणं, वारंवार उलट्या, दुखण्याने रात्री जाग येणं, यांपैकी काहीही दिसलं तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. ते काही दिवस दूध थांबवून, पुन्हा सुरू करून किंवा श्वासातला हायड्रोजन मोजून निदान करू शकतात. त्यासाठी आधी मुलाच्या सांगण्यावर विश्वास ठेवला पाहिजे. पेला रिकामा झाला का, याइतकंच तो प्यायल्यावर पोटाला काय झालं, हेही रोज विचारायला हवं.