स्वस्तातला चक

सकाळी ८. जुलै चाललाय. १ जूनपासून मासेमारी बंद, १ ऑगस्टला बोटी पाण्यात. त्यामुळे अलिबाग-रेवदंडा पट्ट्यातले झिजलेले शाफ्ट, बुश, कपलिंग सगळं याच दिवसांत दुकानात येऊन पडतं. शटर उघडलं की आधी लेथचा बेड पुसायचा. खारी हवा आणि पाऊस. रात्री तेलाचा हात राहिला तर सकाळी तांबेरा ठरलेला.

८.३०. नवा थ्री-जॉ चक आलाय, स्वस्तातला. असा चक थेट मशीनला लावू नये. जॉ बाहेर काढले तर आत ग्राइंडिंगची भुकटी आणि बर. रॉकेलने धुतला, बारीक कानस फिरवली, जॉ १, २, ३ असे क्रमाने परत बसवले. ग्राइंड केलेली पिन धरून डायल लावला. सुई आठ घरं फिरली, म्हणजे ०.०८ मिलिमीटर, पिन सेंटरपासून त्याच्या निम्मी सरकलेली. या किमतीत तक्रार नाही. चावी दुसऱ्या भोकात घालून आवळलं की आकडा बदलतो. सगळ्यात कमी जिथे आला, तिथे पंचाने खूण केली.

१०.३०. गनमेटलचा बुश. बोअर आणि बाहेरचा व्यास एकाच सेटिंगमध्ये काढून मगच पार्टिंग. जॉब मध्ये सोडलाच नाही, तर चकाची चूक त्यात शिरणार कुठून?

१. जेवण. तेवढ्यात लाइट गेली.

२.३०. खलाशी पोरगा शाफ्ट घेऊन दारात. "मामा, आज मिळंल ना?" पंख्याकडचा टेपर खराब झालाय. इथे चकाच्या पकडीवर विसंबलो तर शाफ्ट हादरणार, बुश खाणार, ग्लँडमधून पाणी येणार. म्हणून सेंटर-टू-सेंटर. त्याच स्वस्त चकात मऊ लोखंडाचा तुकडा धरला आणि तिथल्या तिथे ६० अंशांचं टोक काढलं. चक कितीही आऊट असो, त्यात कापलेलं टोक आऊट नसतं. फक्त काम होईपर्यंत तुकडा हलवायचा नाही. शाफ्टच्या सेंटरची भोकं शाबूत होती, तीही साफ केली. कॅरिअर बांधला, दुसरीकडे रिव्हॉल्व्हिंग सेंटर. टेपर झाल्यावर निळं लावून पंखा बसवून पाहिला. रंग टोकापासून बुडापर्यंत उठला.

५. कपलिंग, बोअर आधीच केलेला. त्याला फोर-जॉच. समोरासमोरच्या दोन जॉवर डायल वाचायचा, फरकाचा निम्मा सरकवायचा, मग दुसरी जोडी. वेळ जातो, पण सुई जवळपास थांबते.

७. शटर. नवा लेथ घेणाऱ्याला माझं एवढंच सांगणं: थ्री-जॉ स्वस्तातला चालेल. पैसे आधी चांगल्या डायलवर आणि मॅग्नेटिक स्टँडवर घाला, मग फोर-जॉवर. महागड्या थ्री-जॉचा नंबर त्यानंतर.